ओळखीचा माणूस

वासंतीने अप्पांचा उजवा अंगठा नारळाच्या सोडणाने घासायला घेतला. साबणाने काळे निघाले नव्हते आणि रॉकेलच्या बोळ्याने नुसतेच पसरले होते. अप्पा मोरीच्या कट्ट्यावर हात पुढे करून मुकाट बसले होते, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

“हे कुणी लावलं, अप्पा?”

“आपण कशाला त्रास घेता, बाई?” अप्पा अदबीने म्हणाले. “घरी वाट बघत असतील तुमची.”

आठ महिने हे असेच चालले होते. अप्पा, म्हणजे श्रीपती आठल्ये, टपालखात्यात गावोगावची पत्रे निवडून लावणारे सॉर्टर होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली होती. आंघोळीच्या पाण्यापासून हरवलेल्या चष्म्यापर्यंत दिवसातून पन्नास वेळा ‘वासंती’ म्हणणारा हा सासरा आता सुनेला ‘बाई’ म्हणे आणि चहा दिला की तिचे आभार मानी. ते आभार तिला शिवीपेक्षा वाईट लागत. डॉक्टर म्हणाले, मेंदूची झीज आहे, त्यावर औषध नाही. बेचैनी वाढली तर द्यायला म्हणून त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली होती. वासंती ती जेवणानंतर रोजच देऊ लागली. दुपारभर घर शांत राही.

दिवाळीनंतर सखाराम यायला लागला. तो झाडगावातला जुना पोस्टमन. तोही आता निवृत्त झालेला. बरोबर तीनला खांद्याला खाकी पिशवी अडकवून येई, अप्पांना घेऊन पडवीतल्या अडगळीच्या खोलीत शिरून दार लावून घेई आणि चारच्या ठोक्याला निघून जाई. पहिल्याच आठवड्यात त्याने वासंतीला बजावले होते.

“वयनी, गोळी तीनाच्या आदी देऊ नका. झोपले तर माझा काय उपेग नाय.”

तिचा नवरा राजाभाऊ हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याच्या मते म्हाताऱ्याला सोबत होत होती, तर बिघडले कुठे? वासंतीला मात्र हा प्रकार पहिल्यापासून पटला नव्हता. सोबतीला आलेला माणूस दार कशाला लावील? आणि म्हातारा जागाच हवा असा त्याचा हट्ट कशासाठी? त्यात आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. सखाराम फाटकात दिसला की अप्पा ‘आलास का सखाराम’ म्हणत. सखाराम आठवत होता आणि ती आठवत नव्हती. हे तिला फार झोंबे.

आणि आता हा अंगठा. गडग्यापलीकडून शेजारच्या यमुनाबाई सगळे बघत होत्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“काय गो वासंती, शाई कसली ती? संगमेश्वराकडची तुमची ती कातळावरची जागा अजून अप्पांच्याच नावावर ना? सखाराम तिकडचाच गो.”

एवढे बोलून त्या आमसुले वाळत घालायला निघून गेल्या. वासंती तिथेच सोडण हातात धरून उभी राहिली.

त्या दुपारी ती पडवीतल्या दाराला कान लावून उभी राहिली. स्वतःची लाज वाटली, पण हलली नाही. आतून ठक, ठक असा आवाज येत होता. मग सखारामचे बोलणे ऐकू आले.

“तहसील कचेरी, संगमेश्वर.”

“संगमेश्वर नव्हे.” अप्पांचा एवढा खणखणीत आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. “तालुका संगमेश्वर, पण कचेरी देवरुखला. हे देवरुखलाच जायला हवं.”

पुन्हा ठक. वासंती दारापासून मागे सरली. जमिनीचे कागद देवरुखच्या कचेरीतच जातात, एवढे तिलाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी तिने दोन वाजता अप्पांना गोळी दिली. सखाराम आला, घोरणाऱ्या अप्पांकडे बघत थोडा वेळ बसला आणि निघून गेला. बरी जिरवली, असे वासंतीला वाटले. ते समाधान पाचपर्यंत टिकले. अप्पा जागे झाले ते थेट फाटकाशी गेले आणि गज धरून उभे राहिले. थैली गेली का, गाडी चुकली का, असे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले. दिवेलागण झाली तरी हलेनात. राजाभाऊने कसेबसे त्यांना आत आणले, पण ताटाला त्यांनी हात लावला नाही.

ते सगळे बघून वासंतीने नवऱ्याला शाईचे आणि देवरुखचे सांगितले. ऐकून राजाभाऊलाही शंका आली. सखारामला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो, असे तो म्हणाला. एक दिवस थांबा, आधी कागद माझ्या हाती येऊ देत, असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने गोळी दिली नाही. सव्वातीन झाले, ठकठक सुरू झाली आणि तिने दार ढकलले.

आंब्याच्या सहा पेट्या भिंतीशी आडव्या रचल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने गावाचे नाव लिहिले होते. जयगड, संगमेश्वर, देवरुख, आंजर्ले अशी ती नावे होती. पेट्यांत जुनी पाकिटे, लग्नपत्रिका, कार्डे नीट लावून ठेवली होती. अप्पा टेबलाशी ताठ बसले होते. त्यांच्या हातात कोरलेला लाकडी शिक्का होता आणि समोर काजळी खललेली फडक्याची गादी. शाई ओली आहे का हे ते गादीवर अंगठा दाबून बघत होते. नोकरीतही ते असेच बघत असणार.

“दार लावा, वयनी,” सखाराम हळूच म्हणाला. “वाऱ्यान टपाल उडतंय.”

वासंतीचे लक्ष टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे गेले. तो तिचा होता. आंजर्ल्याहून आलेली आईची पत्रे तिने त्यात जपून ठेवली होती. आईला जाऊन चार वर्षे झाली होती. वासंतीचा पारा चढला.

“हा डबा इथे कसा आला, सखाराम?”

“अप्पांनीच आणला. डाक कमी पडली म्हणाले. मी गावं मुद्दाम चुकीची सांगतो, आनि ते मला बराबर करतात. येवडंच.”

तिने ते नीट ऐकलेसुद्धा नाही. सर्वांत वरचे पाकीट उचलायला तिने हात पुढे केला, तर अप्पांचा काळा तळवा त्यावर येऊन पडला.

“बाई, टपालाला हात लावायचा नाही.”

“माझं पत्र आहे ते.”

अप्पांनी पाकीट डोळ्यांजवळ नेले आणि पत्ता सावकाश वाचला.

“सौ. वासंती राजाभाऊ आठल्ये, झाडगाव, रत्नागिरी.” मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय होता, सरळ आणि सरकारी. “तुम्हीच वासंती, हे कशावरून?”

सोळा वर्षे या घरात राबून आता आपण कोण हे कसे सिद्ध करायचे?

“ओळख लागते, बाई,” अप्पा म्हणाले, आता जरा समजुतीने. “खात्याच्या माहितीतला कुणी माणूस हवा. तो सांगेल, तर मी देईन.”

खोलीत तिघेच होते. वासंतीने सखारामकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली. काल त्याने झोपलेल्या अप्पांकडे कसे पाहिले असेल, ते तिला आत्ता दिसले.

सखाराम उठला. त्याने सदऱ्याचे वरचे बटण लावले.

“मी वळकतो, सायेब. वर्सानुवर्सं ह्येंच्या दारात टपाल टाकलंय. ह्या वासंतीवयनी. तुमची सूनबाय.”

“नक्की?”

“माझी साक्ष धरा.”

अप्पांनी मान हलवली. पाकिटावर शिक्का मारला, फुंकर घातली आणि दोन्ही हातांनी पुढे केले.

“घ्या. वासंती,” ते म्हणाले. नाव त्यांनी पाकिटावरून वाचले होते, हे तिला कळत होते. तरी तिचे डोळे भरून आले. “सही करा इथे. टाक नाही? मग अंगठा चालेल.”

तिने गादीवर अंगठा दाबला.

संध्याकाळी ती विहिरीवर पाणी काढत होती. अप्पा व्यवस्थित जेवायला मागत होते, म्हणून घाई होती. गोळ्यांची बाटली तिने वरच्या फळीवर टाकली होती. रहाटाच्या दोरावरचा तिचा हात यमुनाबाईंनी गडग्याआडून पाहिला.

“अगो बाई, तुझ्याही अंगठ्याला शाई? कुणी घेतला गो अंगठा?”

“अप्पांनी,” वासंती म्हणाली. कळशी तिने कमरेवर घेतली. “सखाराम साक्षीला होता.”