रस्ता चढला, उंबरा बुडाला

मी उंबरा बोलतोय. भुजंगच्या घराचा.

गावाचं नाव सांगत बसत नाही. मुदखेडकडून आलात की गावाच्या तोंडाशी नवी कमान लागते, तिच्यावर ते लिहिलेलं आहे. कमानीखालून सरळ या. मारुतीच्या मागची गल्ली. मी एकदम दिसणार नाही. वाकून बघावं लागेल.

मी जातीचा साग. किनवटच्या रानात वाढलो. नरसिंग सुतारानं मला तासलं. आधीची दोन लाकडं त्यानं ठोकून बघितली आणि बाजूला टाकली. मला घेतलं. भुजंगच्या वडिलांनी विचारलं, "किती वर्षं टिकंल?" नरसिंग म्हणाला, "ते तुम्ही न्हाई विचारायचं. तुमच्या नातवानं विचारायचं."

तेव्हा जोतं उंच घेतलं होतं. गल्लीतून माझ्यापर्यंत यायला दोन दगडी पायऱ्या चढाव्या लागत. चांगल्या ऐसपैस पायऱ्या, दोन माणसं शेजारी बसतील अशा. सोयरा दारात आला की मान वर करून बोलायचा. मला ते आवडायचं. लपवत नाही.

उंबऱ्याला काम एकच असतं. काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही. धूळ, विंचू, पाणी बाहेर. सून, पाहुणा, धान्य आत. मी ते चोख केलं.

धोंडाबाई या घरात आली ती माझ्यावरचं माप ओलांडून. नव्या नवरीनं ते पायानं लोटायचं असतं. हिनं इतकं हळू लोटलं की सासू म्हणाली, "अगं, माहेरी भाकर देत न्हवते का?" सगळे हसले. ती पण पदराआड हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला धुवायला सुरुवात केली. आधी मी, मग चूल. शेजारीण माझ्यावर उभी राहून ताक मागायला लागली तर ती ठणकावायची, "एक तर आत ये, न्हाई तर बाहेर जा. मधी उभं राहू नको."

पोरगा झाला, दयानंद. माझ्यावरून रांगत बाहेर गेला आणि पायरीवरून पडला. पुढं शिकला, लातूरला नोकरीला लागला.

मग भुजंग ग्रामपंचायतीत निवडून आला. गल्लीत तेव्हा गुडघाभर चिखल असायचा. त्यानं भांडून सिमेंटचा रस्ता आणला. नुसता आणला नाही, उभा राहून करून घेतला. वाळूत माती दिसली की गाडी परतवून लावायचा. रस्ता झाल्यावर त्याच्यावर पोती अंथरली आणि गल्लीतल्या बायांना पाणी मारायला लावलं. बाया शिव्या द्यायच्या आणि पाणी मारायच्या. त्या रस्त्यात माझी खालची पायरी गेली. मला चाललं. एक पायरी शिल्लक होती. आणि रस्ता खरा होता. त्याच्यावरून उसाच्या गाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले. तडा नाही. लोक त्याला भुजंगाचा रस्ता म्हणू लागले. भुजंग तोंडानं कधी बोलला नाही, पण संध्याकाळी उरलेल्या पायरीवर बसून त्या रस्त्याकडं बघायचा.

आता यंदाचं सांगतो.

यंदा सगुणाबाई सरपंच आहे. बोलायचं काम तिचा नवरा रामलिंग करतो. माणूस वाईट नाही. गाव आदर्श गावाच्या स्पर्धेत उतरवायचं त्याच्या मनानं घेतलं आणि गावात वर्षभर काम सुरू राहिलं. कमान झाली. सौरदिवे लागले. शाळा रंगली. स्मशानात पत्र्याचं शेड आलं, तेव्हा बसम्मा म्हणाली, "आता मरायला हरकत न्हाई, ऊन लागणार न्हाई." ही बसम्मा आमची शेजारीण, देगलूरकडची. तिला कुठंही बोलता येतं. सिमेंटची बाकडीही आली. त्यांच्यावर कोणी बसत नाही, बाया वाकळा वाळत घालतात.

आणि गल्लोगल्ली रस्ते.

आमच्या गल्लीत रस्त्याचं काम घेतलेला लखन गुत्तेदार आला. भुजंग पायरीवर बसला होता. लखननं चप्पल काढून रामराम केला.

"मामा, जुना रस्ता उकरून काढू का? मग नवा बरोबर खाली बसंल."

"जुना कोणता?"

"हाच. तुमच्या येळचा."

"तडा दाखव."

लखन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. "तडा न्हाई, मामा."

"मग उकरतो कशाला? लोक म्हणतील, भुजंगानं खोटं काम केलं होतं, उकरून काढावं लागलं. वरून टाक."

आतून धोंडाबाई म्हणाली, "अवो, पायरी जाईल."

"पायरी गेली तर आभाळ पडतंय का?"

"पाणी आत येईल."

"पाणी उताराला जातं."

"मग उतार आपल्या दाराला आला की!"

"तू भाकरी कर."

मला कळत होतं. दोन रस्ते एकावर एक बसले तर मी कुठं राहीन, हे मला पक्कं कळत होतं. पण मला तोंड नाही. लाकडाला फार तर करकरता येतं. मी करकरलो. भुजंग म्हणाला, "दाराला तेल घाला."

लखननं रस्ता टाकला. पायरी गेली. रस्ता माझ्याही वर चार बोटं चढला. गल्लीपलीकडची गटार बंदिस्त केली, तिच्यावर फरश्या टाकल्या. आमच्या बाजूला काही नाही. जे पाणी येईल ते माझ्याकडं.

आयुष्यभर मी माणसांचे फेटे बघितले. आता चपला बघायला लागलो.

धोंडाबाईचे गुडघे गेलेले. ती स्वतःच्या घरातून वर चढून बाहेर यायला लागली. बसम्मा समोरून ओरडली, "अगं धोंडे, विहिरीतनं निघाल्यावाणी निघून राहिलीस!"

"मग दोर सोड की. नुसती बघून राहिलीस."

दोघी हसल्या. भुजंग हसला नाही.

माघात तालुक्याची समिती येणार होती. त्या सकाळी रामलिंगनं टँकर लावला आणि सगळ्या गल्ल्या धुवून काढल्या. रस्ते आरशासारखे झाले. धुतलेलं पाणी आमच्याकडं आलं. मी अडवायचा प्रयत्न केला म्हणणं खोटं आहे. उंबरा प्रयत्न करत नाही. तो असतो तेवढाच असतो. पाणी माझ्यावरून आत गेलं, शेणमातीसकट. ज्वारीची पोती खाली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी आत जाऊ दिलं.

धोंडाबाई ओरडली. तेवढ्यात समिती गल्लीत वळली.

भुजंगनं काय करावं? तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. दाराला पाठ लावून उभा राहिला. आत म्हातारी परातीनं पाणी उपसून न्हाणीत ओतत होती. बाहेर साहेब लोक रस्त्याची तारीफ करत होते. मी दोघांच्या मधी.

चष्मेवाल्या साहेबानं विचारलं, "या घराला पायरी नाही?"

रामलिंग म्हणाला, "मुद्दाम सपाट केलंय साहेब. म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून."

"वा! आजोबा, बरं पडतं ना?"

भुजंगनं मान डोलावली. "हाव."

परात फरशीवर खरवडली. साहेबानं कान दिला. "आत काय चाललंय?"

"मावशी पीठ मळून राहिली," रामलिंग म्हणाला. साहेब हसले. पुढं गेले.

भुजंग दार उघडून आत आला. धोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती, लुगडं ओलं. ती म्हणाली, "एक शबुद बोलायचा होता."

"गावाचा नंबर गेला असता."

"आणि घराचा?"

त्यानं भिजलेली पोती उचलून खाटेवर ठेवली.

गावाचा तालुक्यात नंबर आला. गुलाल उधळला. आता जिल्ह्याची समिती येणार होती, पावसाळा झाल्यावर.

घरात मात्र ओल राहायला लागली. नळाला पाणी आलं, कोणी गाडी धुतली, की पाणी आत. दयानंद लातूरहून आला. भिंतीला हात लावला तर पोपडा हातात आला.

"माय, पाऊस सुरू झाल्यावर हितं कसं राहणार? लातूरला चला."

"तुझं घर तिसऱ्या माळ्यावर. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. मी कुणाशी बोलू?"

"मग घर उचलू."

महादेवप्पा गवंड्याला बोलावलं. त्यानं सगळं फिरून बघितलं. म्हणाला, "जमीन भरून उचलली तर डोकं आढ्याला लागंल. उंबऱ्यावर विटांचा बांध घालता येतो."

धोंडाबाई म्हणाली, "एवढा पाय उचलत न्हाई माझा. मला आत चिणायचंय का?"

"मग एकच इलाज हाय. रस्ता दारापुढं कापायचा आणि खालून नळी टाकून पाणी पलीकडच्या गटारीला न्यायचं. पण नवा कापून भागणार न्हाई. जुना बी कापावा लागंल. नळी त्याच्या खालून जाणार."

सगळ्यांनी भुजंगकडं बघितलं. तो तंबाखू मळत होता. मळतच राहिला.

शेवटी धोंडाबाईनं सरपंचालाच निरोप धाडला. सगुणाबाई एकटी आली. रस्त्यावर उभी राहून तिनं आत बघितलं, तेव्हा तिला वाकावं लागलं. तिनं ओली भिंत बघितली. तिचं तोंड उतरलं.

"मावशी, मला दिसून राहिलंय. पण आत्ता रस्ता फोडला तर जिल्ह्याच्या तपासणीत पहिलं तेच दिसंल. समिती येऊन जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी उभी राहून नळी टाकून घेते."

"समिती पावसाच्या आधी येणार का?"

सगुणाबाई माझ्यावरून आत उतरली. तिनं धोंडाबाईचा हात धरला. धरला आणि सोडला. काय करणार? गावभरची मेहनत तिच्या पदरात होती.

वैशाख संपत आला. ढग यायला लागले. एका दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, तेव्हा भुजंगनं माळ्यावरून लोखंडी सब्बल काढली. डोक्याला टॉवेल बांधला. माझ्यासमोर उभा राहिला आणि नव्या रस्त्यावर घाव घातला.

नवा रस्ता पटकन फुटला. लखननं घाईत टाकला होता. भुजंगनं ढलपे काढून बाजूला केले. खाली त्याचा स्वतःचा रस्ता निघाला. काळवंडलेला, गुळगुळीत, धड.

त्याच्यावर त्यानं सब्बल मारली. ठण्ण आवाज झाला. एक पांढरा ठिपका उठला. बस.

पुन्हा मारली. सब्बल उडाली. तळहात सोलला. गल्ली जमा झाली. बसम्मा आली. रामलिंग धावत आला.

"मामा, काय करून राहिले? जिल्हा येणार हाय!"

"येऊ दे."

"तुम्हीच म्हणाला होता ना, वरून टाका?"

भुजंग थांबला. घाम पुसला. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हणालो होतो. चुकलो. माझा रस्ता कापा."

गल्लीत सगळे खाली बघायला लागले. मला वाटलं, झालं. सुटलं.

रामलिंगनं त्याच्या हातातली सब्बल हळूच काढून घेतली. आवाज खाली आणून म्हणाला, "कापू मामा. कापूच. निकाल लागू द्या. हे मशीनशिवाय न्हाई कापणार. लई पक्कं काम केलं होतं तुम्ही."

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं. भुजंग मटकन खाली बसला. पायरी नव्हती, म्हणून रस्त्यावरच बसला.

धोंडाबाई दारात आली. त्याचा तळहात बघितला. पदर फाडून बांधला. गल्लीसमोर तिनं कधी त्याचा हात धरला नव्हता.

"बस झालं," ती म्हणाली. "दयानंदाला फोन लावा."

संध्याकाळी लखनच्या माणसांनी फुटलेला तुकडा सिमेंटनं भरून सारखा केला. दोन दिवसांनी जीप आली. धोंडाबाईला दयानंदनं आणि भुजंगनं दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. बसम्मा चुलीपुढून उठून आलीच नाही. नुसता तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. भुजंगनं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि निघाला.

त्यानंतर पाऊस आला. घरात पाणी आहे. किती, ते मला सांगता येत नाही. मी त्याच्या खाली आहे. साग असलो तरी फुगलोय. चौकट आवळली आहे. वरून माणसं जातात, रस्ता चांगला झाला म्हणतात. खोटं नाही. चांगलाच आहे.

तुम्ही या बाजूला आलात तर माझं एक काम करा. रामलिंगला गाठा. निकाल लागला असेल तर म्हणावं, आता कापायला घ्या. नळी मनगटाएवढी पुरेल, महादेवप्पाला ठाऊक आहे. आणि जुन्या रस्त्याला हात लावायला तो कचरत असेल तर सांगा, भुजंगची ना नाही. भर गल्लीत तो तसं बोललाय. मी ऐकलंय.