तांदळातलं नाव

सुंदराचा मुलगा विपुल परदेशात एका गोदामात मालाखाली सापडला आणि तिथल्या दवाखान्यात निपचित पडला. डॉक्टर म्हणाले, आईचा आवाज कानावर पडला तर बरं. नवरा मागेच गेलेला, तेव्हा जायचं तर तिनंच.

पासपोर्ट होता, पण तोच आडवा आला. चौक गावच्या एजंटानं तो काढताना जन्माचा पुरावा म्हणून तिचा चौथीचा शाळेचा दाखला जोडला होता, नि त्यावर माहेरचं नाव, येसूबाई; तेच पासपोर्टवर चढलं. विपुलच्या जन्मदाखल्यावर आई सुंदरा. मुंबईत त्या देशाच्या वकिलातीत काचेपलीकडच्या बाईनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. व्हिसा आईला मिळेल, पण आई यातली कोण?

"दोगी मीच," सुंदरा म्हणाली. "लग्नात नाव बदललं. मालकांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं."

"त्याचा कागद?"

कागद कुठला! त्या तांदळाचा दुसऱ्याच दिवशी भात झाला आणि पाहुण्यांनी खाल्ला.

पुतण्या योगेंद्र भिवपुरीच्या वीजघरातली नोकरी सांभाळून तिच्यासोबत हेलपाटे घाली. ग्रामपंचायतीचं पत्र नेलं, तर ते इंग्रजीत हवं. इंग्रजीत केलं, तर त्यावर मंत्रालयाचा शिक्का हवा. शिक्का आणला तेव्हा खिडकीत दुसराच माणूस. तो म्हणाला, पत्र चालतच नाही, नाव बदलल्याचं राजपत्र आणा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकिलातीच्या पायरीचं कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

"माज्याच पोराची मी कोण, ते मीच शाबित करू?" कळंबच्या स्टॉपवर उतरल्यावर तिला रडू आवरेना.

राजपत्राचा अर्ज भरला. नवव्या दिवशी योगेंद्र सकाळीच आला आणि दारातच उभा राहिला. विपुल गेला होता.

दुपारी तिकडच्या आपल्या वकिलातीतून फोन आला. साहेब फार अदबीनं बोलला. देह इकडे आणायचा तर पुन्हा महिन्याभराचे कागद. तिथेच अग्नी द्यायचा तर आईचं ना हरकत पत्र पुरे. मजकूर मोबाइलवर आला, योगेंद्रनं छापून आणला. खाली लिहिलं होतं, मयताची आई, सुंदरा.

"दाखला जोडायचा ना रं?"

"नाय काकी. नुसती सही."

"मंग मी त्याची आई हाय, ह्यांना कुनी सांगितलं?"

योगेंद्रनं पेन पुढे केलं. तिनं पेन घेतलं. हरकत होती तिची. ती लिहायला त्या पानावर जागा नव्हती. तिनं सही केली.