डावा बूट

डोंगराच्या पायथ्याशी बर्फावर चालायचं सामान भाड्याने देणारं एक दुकान होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईला सगळं गाव वहिनी म्हणे. खरं तर तिला दीर एकच. पण तो गाइड, चार लोकांत उठबस असलेला; त्याचं ऐकून गिऱ्हाइकंही वहिनी म्हणू लागली, आणि मग सत्तरीचा टपालवालासुद्धा. तिने कधी हरकत घेतली नाही. मात्र बूट मापाला बसवताना कोणी घाई केली, की वहिनीच्या जिभेला हाड राहत नसे.

"काटे उतार सुरू व्हायच्या आधी बांधायचे, अर्ध्यात गेल्यावर नाही," ती सुनावे. "बर्फात रोवायची अ‍ॅक्स हातात हवी, चढाकडच्या हातात. पाठीवर बांधलेली अ‍ॅक्स म्हणजे घरी राहिलेली छत्री. ऊन चढायच्या आत पलीकडे पोहोचायचं. एकेकाने जायचं. आणि कोणी घसरलंच तर आधी स्वतःला रोवा, मग दुसऱ्याचं बघा. उगाच हात द्यायला जाल आणि एकाचे दोन व्हाल."

बुटाखाली बांधायच्या त्या लोखंडी काट्यांची एक परीक्षा असते. काटे बुटाच्या मापाला लावायचे, पट्टा बांधायचा नाही, आणि बूट उचलून हलवायचा. माप बरोबर असेल तर काटे नुसत्या पकडीवर लटकून राहतात. ढिलं असेल तर खळ्‌कन खाली पडतात. एकदा हलवलं की पुरे. वहिनी प्रत्येक बूट तीनदा हलवी. डावा असेल तर चारदा, पाचदा. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसत. हसणाऱ्यांचं काय जातंय!

अकरा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याच्या नव्या बुटांना काटे बसवले होते. नवरा आणि दीर पहाटे वरच्या खिंडीकडे निघायचे होते, त्यात सासूबाईंनी वरच्या मजल्यावरून हाक मारली, ती उठून गेली, परत आली. उजवा बूट हलवून पाहिला होता, हे तिला लख्ख आठवत होतं. डावा पाहिला होता का? तिथे आठवण अडे ती अडेच. दुसऱ्या दिवशी दुपारी दीर एकटा खाली आला, दारातच बसला आणि म्हणाला, "डाव्या पायाचे काटे निघाले, वहिनी. दादा गेला."

खाली खोल घळ होती. आठ दिवस शोधूनही काही सापडलं नाही.

भाऊजींनी तिला कधी बोल लावला नाही. लावला असता तर एकदाच काय ते भांडण झालं असतं! उलट ते चारचौघांत म्हणत, "वहिनींची काही चूक नाही हो, कोणी त्यांना काही बोलू नका." वर्षश्राद्धाला म्हणत, सासूबाई गेल्या तेव्हाही म्हणाले. दरवेळी ते वाक्य ऐकलं की वहिनीला डाव्या बुटाचं वजन हातात जाणवे.

आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या फळ्यांच्या जमिनीवरून कोणीतरी चाले. एका पायात काटे, एका पायात नाहीत. टक्‌, मग नुसता दबका आवाज. टक्‌, मग पुन्हा तोच दबका आवाज. दारापासून टेबलापर्यंत येई आणि तिथे थांबे. पहिल्यांदा ती घाबरून रस्त्यावर गेली होती. हळूहळू सवय झाली. नंतर नंतर तर ती मान वर न करता म्हणे, "आलात? बसा." हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. वेड लागलं म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं.

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि घळीतलं जुनं बर्फ कधी नव्हे इतकं खाली गेलं. एका दुपारी बचाव पथकाचा प्रमुख दुकानात आला. वर्षानुवर्षं तिच्याकडूनच सामान नेणारा माणूस, पण आज टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"सापडले, वहिनी," तो म्हणाला. "खाली दवाखान्यात ठेवलंय. ओळख पटवायला सामान आणलंय. आज जमत नसेल तर उद्या..."

"आणा."

त्याने ताडपत्री सोडली आणि आतली पाठपिशवी व दोन्ही बूट टेबलावर ठेवले. वहिनीने उजव्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डाव्या बुटाला काटे होते. पट्टा बांधलेला होता आणि उरलेलं टोक नीट दुमडून आत खोचलेलं होतं, नवऱ्याच्या सवयीप्रमाणे. तिने पट्टा सोडला. बूट उचलून हलवला. काटे पडले नाहीत. अकरा वर्षं बर्फाखाली राहून, गंज चढूनही, काटे जिथल्या तिथे होते. तिने पुन्हा हलवला, आणखी एकदा हलवला, आणि मग बूट पोटाशी धरून मोठ्याने रडली. पथकप्रमुख खिडकीबाहेर बघत राहिला.

रडून झाल्यावर तिची नजर पिशवीवर गेली. पाठीवरची ती पिशवी फाटली होती, पण अ‍ॅक्स तिच्यावर होती, बांधलेली, टोकांना रबरी टोपणंसुद्धा तशीच. उतार पार झाला, आता गरज नाही, तेव्हाच माणूस टोपणं घालून ती बांधून टाकतो.

"हे अर्ध्या उतारावर घसरले ना?" तिने विचारलं.

"जबानीत तसंच आहे," प्रमुख म्हणाला. "आता नवा कागद करावा लागेल. भाऊजींची सही लागेल."

"भाऊजींना बोलवा," ती म्हणाली. "आणि तुम्ही जरा बाहेर बसा."

भाऊजी आले, टेबलापाशी थबकले. काय ते एका नजरेत त्यांच्या ध्यानात आलं. केस पांढरे झालेला, शेकडो माणसं त्या उतारावरून सुखरूप पलीकडे नेलेला तो माणूस खुर्ची चाचपत बसला.

"दादा पलीकडे पोहोचला होता," ते म्हणाले. "मी मधे होतो. आम्हाला उशीर झाला होता, बर्फ भुसभुशीत झालेलं. माझे पाय लटपटायला लागले. ना पुढे, ना मागे. मी ओरडलो. तो तसाच वळला, अ‍ॅक्ससुद्धा काढली नाही. माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, 'हात दे.' मी दिला, तर त्याच्याच पायाखालचं बर्फ सरकलं."

"मग?"

"माझ्या दुसऱ्या हातात अ‍ॅक्स होती. ती रोवायची तर वजन त्या बाजूला टाकायला हवं होतं. मी..." त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. "मी हात सोडला, वहिनी."

वहिनी फळ्यांकडे बघत राहिली. एका पायात काटे घालून चालत येणारा तो माणूस तिचा नवरा नव्हताच तर! नवरा दोन्ही पायांत काटे घालूनच गेला होता. अकरा वर्षं तिने ज्याला बसा म्हटलं तो या माणसाच्या एका वाक्यातून आला होता. मग तिचे हे इतकी वर्षं होते कुठे? एकटेच, त्या बर्फात? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मागोमाग संताप.

"सोडलात ते बरोबर केलंत," ती म्हणाली. "नाहीतर दोघंही गेले असते. मी तर येईल त्याला हेच सांगते. मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नसते, भाऊजी! मग माझ्या गळ्यात का बांधलंत ते?"

तिने प्रमुखाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

"लिहा. तेव्हा लिहायचं होतं ते आता लिहा."

ते लिहू लागले. उशीर, बर्फ, आपली हाक, दादाचं परत येणं, सगळं एकेका ओळीत उतरलं. हात सोडल्याची ओळही त्यांनी लिहिली. तिथे पेन थांबलं.

"झालं?" तिने विचारलं.

"एक राहिलं."

"काय?"

"लोक म्हणाले असते, दादानेच सोड म्हटलं असेल. तुम्हीही म्हणाला असता, माझी समजूत घालायला. ते मला ऐकवलं नसतं, म्हणून नाही सांगितलं. दादा 'धर' म्हणाला, वहिनी. दोनदा म्हणाला. माझ्याकडे बघत."

बाहेर प्रमुख कोणाशी तरी बोलत होता. वहिनीने भाऊजींच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"हे लिहू नका," ती म्हणाली. "हे कोणालाही सांगू नका."

मग तिने प्रमुखाला आत बोलावलं.