अर्धी गोळी

दादाचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्याचं औषधाचं दुकान आहे. घरात कुणी शिंकलं की हा खिशातून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या काढणार. ताप उतरला की तिसरी नको. आईवर हे वीस वर्षं चाललं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. कुठले जंतू कुठल्या औषधाने मरतात ते बघते. दादाला सांगून सांगून तोंड दुखलं, पण धाकट्या बहिणीचं ऐकतो कोण?

मग आईच्या पायाची जखम चिघळली. तिचे जंतू मी स्वतः प्लेटवर वाढवले, वर बारा औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. एकीभोवतीही ते मेले नाहीत.

आमच्या डॉक्टरबाई चिवट. जंतूंना खाणारे विषाणू असतात, ते त्यांनी मिळवले. नुसते विषाणू घातले तर थोडे जंतू वाचायचे आणि पुन्हा फोफावायचे. पण विषाणूंना चुकवण्यासाठी जंतू स्वतःत जो बदल करत, त्यामुळेच ते एका जुन्या औषधापुढे दुबळे पडत. दोन्ही एकदम दिलं आणि प्लेट स्वच्छ झाली. मी लॅबमध्येच रडले.

"जखमेवर विषाणूंचे थेंब आणि पोटात औषधाची गोळी. चौदा दिवस, दोन्ही," बाईंनी बजावलं. थेंब मी घालायचे, गोळ्या दादाने द्यायच्या.

सहाव्या दिवशी जखम सुकायला लागली. अकराव्या दिवशी पुन्हा पू. मी गोळ्यांची डबी उघडली. आत अर्ध्या गोळ्या, सुरीने नीट कापलेल्या.

"जखम भरत होती ना," दादा म्हणाला. "आणि तिच्या पोटात आग पडत होती. जेवत नव्हती ती. म्हणून अर्धी केली."

"कुणाला विचारलंस?"

"तीस वर्षं औषधं विकतोय मी."

विषाणूंना चुकवलेल्या जंतूंना मारायला अर्धी गोळी पुरली नाही. औषधाची सवय व्हायला मात्र पुरली. नव्या प्लेटवर विषाणूही हरले आणि औषधही. रिपोर्टवर सही मलाच करावी लागली. बाईंनी गुडघ्याखाली बोट ठेवून दाखवलं, इथून कापावा लागेल.

"याहून स्ट्राँग काही नाही का?" दादाने विचारलं. माझा तोल गेला. जे तोंडाला आलं ते बोलले, अख्ख्या वॉर्डासमोर.

आईने माझा हात धरला. "त्याला बोलू नकोस गं. माझ्या काळजीपोटीच केलं त्याने."

तेच तर. त्याला जरा कमी काळजी असती, तर आईचा पाय राहिला असता.