हात हलवणारं अस्वल

मित्रांनो, आत माणूस नसला तर मला नीट उभंही राहता येत नाही. मी एक जुनं अस्वल आहे. खरं सांगायचं तर अस्वलाचा पोशाख. देशात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या, तेव्हा पाहुण्यांच्या स्वागतासाठी मला बनवलं. इथे अस्वल फारसं कुणी पाहिलेलं नाही, पण परदेशी लोकांना ते गोड वाटतं, असं समितीच्या साहेबांचं म्हणणं.

मला एका शिंपिणीनं शिवलं. आत कापूस, बाहेर तपकिरी लोकर आणि तोंडावर कानापर्यंत हसू. बटणं पुढे लावू का, आतल्या माणसाला आपली आपण काढता येतील, असं तिनं विचारलं होतं. साहेब म्हणाले, फोटोत दिसतील. मग तिनं पाठीवर हूक लावले.

मला घालायचं काम मिळालं तिच्याच नवऱ्याला. ते शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर. "जन्मभर पोरांना नाचवलंत, आता तुम्ही नाचा," असं म्हणत ती हूक लावायची आणि दर अर्ध्या तासानं पडद्यामागे काढायची. जीव गुदमरला तर दोन्ही हात वर करून हलवायचे, ही त्यांची खूण.

मास्तर नाचले की मैदान हसायचं. परदेशी वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. कौतुकानं माझी छाती फुगली. तशी ती कापसाचीच होती म्हणा.

शेवटच्या दिवशी ऊन रणरणत होतं. बडे पाहुणे येणार म्हणून पडद्यामागची सगळी माणसं दोरीपलीकडे पाठवली. शिंपीणही. अर्धा तास झाला, तास झाला. मास्तरांचा घाम माझ्या कापसात मुरत होता. "कुठे राहिलीस गं?" असं पुटपुटत त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले.

सगळं मैदान उठलं. उत्तरादाखल हजारो हात हलले. कॅमेरे वळले. दोरीपाशी शिंपीण पहारेकऱ्याच्या विनवण्या करत होती, हे मला नंतर कळलं.

"ते हात हलवत नाहीयेत हो, मला बोलावताहेत."

"बाई, ते सगळ्यांनाच बोलावतंय," तो म्हणाला.

मास्तर कोसळले तेव्हाही टाळ्या पडल्या. लोकांना तीही गंमतच वाटली. शिंपीण दोरी ओलांडून पोचली. हूक तिनंच लावलेले, एका झटक्यात निघाले. पण आत मास्तर राहिले नव्हते.

हात वर केलेला तो फोटो देशोदेशी छापून आला. किती आपुलकीचा देश, असं खाली लिहिलं होतं. विमानतळावर तो अजून लावलेला आहे. मी मात्र मैदानाच्या कोठारात पडून आहे. माझा कापूस उंदरांनी नेला.

शिंपीण एकदाच आली. मला घरी नेऊ का, असं तिनं विचारलं. सरकारी वस्तू आहे, देता येणार नाही, असं उत्तर मिळालं. मग ती खाली बसली, मला मांडीवर घेतलं आणि पिशवीतून सुईदोरा काढला.

मित्रांनो, पाहुण्यांसाठी घर जरूर सजवा. पण तुमच्याकडे बघून कुणी हसत हात हलवला, तर आपला हात हलवण्याआधी जवळ जा. आत कोण आहे, त्याला पाणी हवंय का, ते विचारा.

मला आता कुणी घालणार नाही. तरी माझी बटणं पुढे आहेत.