सतरा नंबरचा दिवा

आमच्या थिएटरात जुना बोर्ड होता तेव्हा लाइटला दोन माणसं लागायची. एक मी आणि दुसरा माझा मेहुणा. चोवीस दांडे होते त्या बोर्डाला, आणि दांडे म्हणजे असे की ओढून ओढून दंडाला गोळे यायचे. चार हात पुरले नाहीत की कोपर लावायचं, गुडघा लावायचा. एकदा तर मेहुण्यानं हनुवटीनं दांडा खाली घेतला आणि खाली बसलेली माणसं म्हणाली, वा, काय सूर्य मावळला! मी म्हटलं, "तुझ्या दाढीनं मावळलाय हे कुणाला सांगू नकोस."

मेहुण्याला सगळे फ्यूज म्हणायचे. रागीट, पटकन उडायचा, म्हणून. बायकोचा धाकटा भाऊ. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, आणि कामाला मी लावलेला. पण खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत तो माझ्या पुढं गेला. मी नुसता दांडा ओढायचो. त्याला मात्र नाटक आतून कळायचं. बाई रडणार हे बाईला कळायच्या आधी त्याचा हात खाली यायला लागायचा. मी त्याच्याकडं बघून माझा हात हलवायचो. असं एकवीस वर्षं चाललं, आणि लोक मला उस्ताद म्हणत राहिले. वयानं मोठा ना मी.

मग एक दिवस मॅनेजरनं दोघांना खाली बोलावलं. म्हणाला, बोर्ड भंगारात चाललाय. नवा कन्सोल येतोय. टेबलावर मावतो, टीव्हीसारखा पडदा, पुढं बटणं, आणि चालवायला माणूस एक.

"एक?" फ्यूज म्हणाला. "आणि दुसरा काय करणार? त्याला वारा घालणार?"

मॅनेजर हसला नाही. तिथंच मला कळलं. तो म्हणाला, कंपनीच्या बाई येतायत शिकवायला, सोमवार ते गुरुवार. पुढच्या सोमवारी दिग्दर्शकांसमोर दोघांनी चालवून दाखवायचं. ज्याचं चांगलं तो राहील. दुसऱ्याला सोडावं लागेल.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "कुणीही राहिलं तरी घरातच राहील ना. तुम्ही काय, तो काय." आणि पोळी लाटत बसली. तिला तसं वाटणं बरोबर होतं. पण माझं वय चोपन्न, उजवा गुडघा असा की तीन पायऱ्या चढलो की चौथी चढवत नाही. फ्यूज चाळिशीचा. शिडीवर माकडासारखा चढायचा. त्याला कुठंही काम मिळालं असतं. मला बसून करायचं कामच पाहिजे होतं, आणि बसायची खुर्ची तेवढी एकच. हे मी त्या आठवड्यात स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं.

कंपनीच्या बाई म्हणजे तिशीतली पोरगी, पण शिकवायला पक्की. सोमवारी तिनं सांगितलं, स्टेजवरच्या प्रत्येक दिव्याला नंबर. नंबर दाबा, किती उजेड पाहिजे ते दाबा, झालं. उजेडाचा एकेक बदल म्हणजे एकेक क्यू. सगळे क्यू आधी भरून ठेवायचे, आणि नाटक सुरू झालं की हिरवं 'गो' बटण दाबत जायचं. एका बोटाचं काम.

"आणि बाकीच्या नऊ बोटांचं काय करायचं?" फ्यूजनं विचारलं.

"जपून ठेवा, काका," बाई म्हणाली.

माझे तर हाल. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. 'रेकॉर्ड' आणि 'डिलीट' या दोन बटणांत मी असा गोंधळलो की बाईनं शेवटी एकावर निळी चिकटपट्टी लावली. फ्यूज संध्याकाळपर्यंत बटणांशी खेळायला लागला. मला म्हणाला, "दाजी, काळजी करू नका. मी तुम्हाला सगळं बसवून देतो." खरंच बसवून दिलं त्यानं. पाच वाजल्यापासून सात वाजेपर्यंत माझ्या शेजारी बसला. एकदाही उडाला नाही.

मंगळवारी सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. कुणीतरी तिच्याबरोबर दिवसभर थांबायला पाहिजे होतं. बायकोला कामावरून सुटी मिळेना. मी फ्यूजला म्हटलं, "तू जा. तुझी आई, तूच जवळ असलेला बरा. मी इथं सगळं नीट ऐकतो आणि संध्याकाळी तुला सांगतो."

"नक्की ना, दाजी?"

"अरे, मी काय परका आहे का?"

त्या दिवशी बाईनं एकच गोष्ट शिकवली, पण तीच सगळ्यात मोठी. म्हणाली, "काका, या मशीनला एकदा सांगितलं की सतरा नंबर लाव, की ते दुसरं सांगेपर्यंत सतरा नंबर लावूनच ठेवतं. तुम्ही चौथ्या क्यूमध्ये दिवा वाढवला की तो पाचव्यात राहतो, सहाव्यात राहतो, नाटक संपेपर्यंत राहतो. बदल पुढं पुढं चालत जातो. तो फक्त त्याच क्यूपुरता पाहिजे असेल तर साठवताना हे बटण दाबायचं." आणि तिनं दाखवलं. कोपऱ्यातलं, राखाडी, कुणाच्या लक्षातही येणार नाही असलं बटण. मला दहादा करायला लावलं. अकराव्यांदा मी न चुकता केलं.

"दुसऱ्या काकांना हे आठवणीनं सांगा," ती म्हणाली. "इथंच सगळे फसतात."

संध्याकाळी फ्यूज आला. डोळे लाल, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून. म्हणाला, "आईचं व्यवस्थित झालं. काय शिकवलं आज?"

आता मी देवाशपथ सांगतो, माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा सांगायचंच होतं. आणि तोंडातून निघालं, "विशेष काही नाही रे. कालचंच घोटून घेतलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो."

बुधवारी सांगू म्हटलं. पण बुधवारी सांगायचं म्हणजे मंगळवारी का नाही सांगितलं ते आलं. बाईनं मला हळूच विचारलं, "सांगितलंत ना त्यांना?" मी मान डोलावली. गुरुवारी बाई गेली. शुक्रवारी आम्ही दोघं बसून सराव केला. त्यात कुठं मधेच दिवा वाढवायची वेळ आली नाही. शनिवारी तो घरी जेवायला आला. बायकोनं दोघांना शेजारी शेजारी वाढलं आणि म्हणाली, "परीक्षा आहे म्हणे पोरांची." तो हसला. मीही हसलो. तोंडात मिठाची गुळणी धरून कसं हसतात ते मला विचारा.

सोमवारी सकाळी अकराला दिग्दर्शक आला, मॅनेजर आला, नट मंडळी आली. चिठ्ठी टाकली, फ्यूजचा नंबर पहिला निघाला. तो खुर्चीत, मी मागं स्टुलावर.

नाटक होतं एका म्हातारीचं. घर रिकामं होत जातं आणि शेवटी ती एकटी बसते. दिग्दर्शकानं खालून ओरडून सांगितलं, "चौथ्या क्यूला खिडकीमागं थोडं ऊन पाहिजे! तेवढं घाला आणि सगळं चालवून दाखवा!"

खिडकीमागचा दिवा म्हणजे सतरा नंबर. त्या नाटकात तो कधी वापरलाच नव्हता. फ्यूजनं सतरा दाबलं, साठ दाबलं, जरा बघितलं, पंचावन्न केलं. काय ऊन होतं ते! कोवळं, भिंतीला चिकटल्यासारखं. मला तसं जन्मात जमलं नसतं. मग त्यानं रेकॉर्ड दाबलं. कोपऱ्यातलं राखाडी बटण दाबलं नाही.

मला दिसलं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

शेवटचा क्यू चौतिसावा. तिथपर्यंत जायला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं होती माझ्याकडं. मधले प्रवेश सगळे दिवसाचे, भरपूर उजेडाचे, त्यात खिडकी उजळलेली आहे हे कुणाला कळतंय? मला कळत होतं. मी प्रत्येक क्यूला त्या खिडकीकडं बघत होतो. दहाव्याला म्हटलं, आता सांगतो. विसाव्याला म्हटलं, मॅनेजर बघतोय, आत्ता बोललो तर दोघंही जाऊ. तिसाव्याला मी बाटली घेऊन पाणी प्यायलो. तहान नव्हती. फ्यूज मधेच मागं वळून म्हणाला, "दाजी, जमतंय ना?" मी म्हटलं, "छान चाललंय."

चौतिसावा आला. सगळं स्टेज हळूहळू विझलं, म्हातारीच्या तोंडावर तेवढा एक दिवा राहिला. आणि खिडकी. खिडकी लखलखीत, दिवाळं निघालेल्या दुकानात एकच बल्ब चालू राहावा तशी. म्हातारीचं काम करणारी बाई जुनी, मुरलेली, पण तिचं वाक्य होतं, "आता तर खिडकीसुद्धा दिसेना गं मला."

विंगेतून कुणीतरी फिस्कन हसलं. मग दुसरं. मग म्हातारीलाच हसू फुटलं.

फ्यूजला कळेना. त्यानं पडद्यावर बघितलं, खाली बघितलं. आणि एकवीस वर्षांची सवय हाताला, उजेड जास्त झाला की दांडा खाली. नव्या मशीनलाही कडेला एक मोठा दांडा होता, पटकन त्यानं तो धरला आणि ओढला. तो सगळ्या दिव्यांचा मिळून एक होता. खिडकी गेली, म्हातारीही गेली. सगळं थिएटर काळं. अंधारात मॅनेजर म्हणाला, "पुरे. दुसऱ्याला बसवा."

फ्यूज उठला. मला जागा दिली, खुर्ची माझ्याकडं वळवून दिली. "दाजी, मशीनचंच काहीतरी बिघडलंय. सांभाळून," म्हणाला, आणि जिन्यानं खाली गेला.

कंपनीच्या बाईनं नाटकाचे मूळ क्यू मशीनमध्ये वेगळे साठवून ठेवले होते, ते मी उघडले. सतरा, पंचावन्न. आकडा त्याचाच घेतला. राखाडी बटण दाबलं, साठवलं, आणि पुढं एका बोटानं चौतिसाव्यापर्यंत गेलो. शेवटी खिडकी काळी, म्हातारी एकटी. दिग्दर्शकानं टाळी वाजवली.

त्यानंतर तीन आठवडे फ्यूज थिएटरात फिरकला नाही. एका गोदामाच्या फाटकावर बसायला लागला होता. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस. शिडीवाल्या कामासाठी दोन ठिकाणी जाऊन आला. दोन्हीकडं आता नवीनच मशीनं आणि नवीनच माणसं. त्याला कुठंही काम मिळेल असं मी पाठ केलं होतं ना, ते निघालं असं.

मग एका दुपारी आला, पक्कड आणि हातमोजे राहिले होते ते न्यायला. पिशवीत भरले. जाता जाता माझ्या शेजारी उभा राहिला.

"दाजी, एक विचारू? नोकरीचं नाही. ते गेलं. पण माझं चुकलं कुठं, ते तेवढं सांगा. मला झोप येत नाही हो. मी सतराला परत हातसुद्धा लावला नव्हता."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं, याला कळलंय, हा मला खेळवतोय. पण तोंडाकडं बघितलं तर तसं काही नव्हतं. त्याला खरंच फक्त ते पाहिजे होतं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. बदल पुढं कसा चालत जातो, राखाडी बटण कुठं असतं. त्यानं एकदा करून बघितलं. एकदाच. बरोबर आलं. खाली रिकाम्या स्टेजवर खिडकी उजळली आणि पुढच्या क्यूला विझली.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"एवढंच."

"बाईनं हे कधी शिकवलं?"

खोटं बोलायची वेळ होती. शेवटच्या दिवशी, घाईघाईत, तू बाहेर गेला होतास, काहीही चाललं असतं. पण मला नाही जमलं. मी म्हटलं, "मंगळवारी."

मी वाट बघत होतो, आता उडेल, शिव्या देईल, गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. त्यानं मात्र खुर्ची सरकवली, पिशवी उचलली आणि म्हणाला, "आईला आता चांगलं दिसतं. काल सुईत दोरा ओवला तिनं." आणि गेला.

बायकोला यातलं काही माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही, मी काय सांगणार? तो घरी येतो, पण माझी ड्यूटी असते तेव्हा. ती म्हणते, काय करणार, दोघांच्या वेळाच जुळत नाहीत. गेल्या आठवड्यात ती माझ्या मागं लागली होती, "अहो, फाटकावर बसून वाळून चाललाय तो. तुम्ही शिकवा ना त्याला ते मशीन. दुसरीकडं कुठं तरी चिकटेल."

मी म्हटलं, "ये म्हणावं."

काल मी जेवायला बसलो तर ती मोठ्या कौतुकानं सांगायला लागली, "मी बोलले हो त्याच्याशी. म्हणाला, ताई, दाजींकडून मला जेवढं शिकायचं होतं तेवढं शिकून झालं. बघा, किती मान आहे त्याला तुमचा." आणि विचारलं, "भात वाढू का?"

मी म्हटलं, वाढ.