भिंतीवरचे बोंबील

बर्फाच्या फॅक्टरीच्या भिंतीवर माझी आई हाय. रंगवलेली. कमरेवर टोपली, नाकात नथ. मासळी सुकवायला जाताना आई नथ घालत नाय, पण चित्र काढणाऱ्या क्रांतीताईला ती हवी होती. आईच्या मागं वलांडी, म्हणजे बांबू रोवून आडवे बांधलेले दोर, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. चित्र एकदम झकास. म्हणूनच मला डाऊट आला.

कारण भिंतीपुढच्या जागेत, जिथं खऱ्या वलांडी उभ्या राहतात, तिथं निळी पिंपं आली होती. अर्धी कापलेली, माती भरलेली, वांगी आणि मिरच्या लावलेली.

सुरुवात बरी झाली, ते खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात आख्ख्या कोळीवाड्याचा कचरा पडायचा. माझा चुलतभाऊ ऋत्विकदादा पोर्टावर ट्रेलर चालवतो, त्यानं पोरं जमवली, मुंबईवरून क्रांतीताईला आणलं, कोपरा साफ केला, तिथं पहिली पिंपं ठेवली. सगळ्या बायका खूश. ताईला चहा, ताईला पापलेट.

मी नववीत शाळा सोडली. दिवसभर पायरीवर बसून असते, म्हणून बाकीच्यांना दिसत नाय ते मला दिसतं. दर रविवारी पिंपांची एक ओळ पुढं सरकत होती. कोपऱ्यातून निघाली ती सोनूकाकीच्या जागेवर आली, आता आमच्या जागेवर.

मी आईला बोलली, "बघ जरा, आपली जागा चालली."

"पावसात तिथं काय हाय? चिखल." आई जाळं शिवत होती. "लावू दे वांगी. दसऱ्याला उचलतील."

"कोण बोललं उचलतील?"

"त्यात बोलायचं काय? सगळ्यांना म्हाईत हाय."

हेच तर. पावसाळ्यात आम्ही बांबू उपटतो, बांधून वळचणीला टाकतो. जागा रिकामी दिसते. आमच्या बायकांना वाटतं, रिकामी दिसली तरी ती कुणाची हाय ते आख्ख्या जगाला कळतं.

मी जाऊन एका पिंपाला लाथ मारली. हललं नाय. हातानं माती उकरली तर खाली बूडच नव्हतं. बूड कापून पिंप जमिनीत गाडलं होतं. उचलायची वस्तू कुणी गाडतं का?

माझं डोकं सटकलं. घरी येऊन वळचणीचे बांबू ओढले. आई ओरडत होती, "अगं, होड्या अजून दर्यात गेल्या नाय, काय सुकवणार, तुझं डोकं?" मी पहार घेऊन वांग्यांच्या मधोमध खड्डे मारले, बांबू रोवले, दोर ताणले. आमच्याकडं एक रीत हाय. जिची वलांड, तिनंच काढायची. दुसरं कुणी हात लावत नाय, भांडण असलं तरी.

ऋत्विकदादा धावत आला. "काढ ते. उद्या नगरपालिकेची माणसं येनार हायत बघायला."

"तू काढ ना."

त्यानं बांबूला हात घातला आणि परत घेतला. तेवढी रीत त्याच्यात होती.

क्रांतीताई रंगाच्या हातांनी आली. मी तिलाच धरलं. "भिंतीवर आमचे बोंबील टांगायचे, आणि खाली आम्हालाच हाकलायचं. मस्त धंदा हाय तुमचा."

ती चिडली नाय. गोंधळली. "पण इथे आता कुणी सुकवत नाही ना? बंद झालं म्हणून तर मी ते चित्रात घेतलं. आठवण राहावी म्हणून."

"कोण बोललं बंद झालं?"

तिनं दादाकडं बघितलं. दादा मिरचीच्या रोपाकडं बघत होता.

मी इतके दिवस बाहेरच्या बाईवर डोळा ठेवून होती, आणि चोर आमच्याच घरातला.

तोवर बायका जमल्या होत्या. सोनूकाकी पुढं आली. ती दादाची आई. "बोल की रं. कवा बंद केलं मी?"

"दिवाळीत अलिबागवरून माणसं येनार हायत मला बघायला," दादा हळू बोलला. "दारात हा वास. पोरगी शिकलेली हाय, आई."

"माझ्या सासऱ्याला माझ्या बापानं सुके बोंबील पोचवले, तवा मी ह्या घरात आली," काकी बोलली. "वास आवडत नसंल तर पोरगी बघून तू तिकडंच रहा."

बायका हसल्या. काकी हसली नाय. ती घरी गेली आणि खांद्यावर बांबू टाकून आली. मग दुसऱ्या निघाल्या. आई शेवटी आली, मला एक धपाटा घातला आणि माझा वाकडा बांबू सरळ केला.

पिंपं दादानंच उपटली. क्रांतीताईनं त्याच्यासोबत ती कोपऱ्यात वाहून नेली, वांग्यांची मुळं न तोडता. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली तेव्हा भिंतीवर भरलेल्या वलांडी आणि खाली रिकाम्या. एक साहेब बोलला, कल्पना छान आहे. त्याला वाटलं, हेसुद्धा चित्रातलंच.

पुढच्या रविवारी ताईनं आमच्या बांबूच्या बुडाशी दोडक्याचं रोप लावलं. आईला विचारून. बोलली, "दोर रिकामे आहेत तोवर वेल चढू दे. दसऱ्याला मी स्वतः काढीन."

दसरा हा शब्द तिनं आपणहून काढला, म्हणून मी ते रोप राहू दिलं.

पण रोज सकाळी जाते. माती जरा बाजूला सारते, मूळ कुठवर गेलंय ते बघते, आणि परत झाकते.